उंदरांची शुगर उतरवणारा धातू माणसांच्या गोळीत का आला नाही

डायबेटिस झालेल्या उंदराचा पिंजरा लांबूनच ओळखू येतो. शेजारच्या पिंजऱ्यातला धडधाकट उंदीर दिवसाला साधारण २५-३० मिली पाणी पितो, आणि हा शंभर, दीडशे, कधी दोनशे मिली पिऊन बाटली रिकामी करतो, आणि पितो तेवढं सगळं लघवीवाटे बाहेर, त्यामुळे खालचा लाकडाचा भुसा सकाळी बदलला तरी संध्याकाळी पुन्हा चिंब. अंगावरची लव पिवळट आणि विस्कटलेली, खाणं वाढलेलं आणि वजन मात्र उतरत चाललेलं. फार्मकॉलॉजीच्या लॅबमध्ये अशा पिंजऱ्यांची उसाभर मी केलीये, त्यामुळे सांगतो, ग्लुकोमीटर हातात घ्यायच्या आधी नुसता भुशाला हात लावला तरी कळतं कोणाची शुगर चढलीये ते.

आता अशाच उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक क्षार विरघळवून ठेवला, इन्सुलिनचं एकही इंजेक्शन दिलं नाही, आणि तरी थोड्या दिवसांत भुसा कोरडा राहायला लागला तर? हे खरंच झालंय. १९८५ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन मॅकनील यांच्या गटाने हा प्रयोग केला, हेलिगर, ताहिलियानी आणि मॅकनील या तिघांच्या नावाने तो 'सायन्स' या नियतकालिकात आला, आणि तो क्षार होता व्हॅनेडियम नावाच्या धातूचा, सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट. चार आठवडे पाणी पाजलं, उंदरांची शुगर निरोगी उंदरांच्या जवळपास आली, डायबेटिसमुळे कमजोर झालेलं हृदयही सुधारलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्तातलं इन्सुलिन वाढलंच नव्हतं, ते होतं तेवढंच कमी राहिलं. म्हणजे स्वादुपिंड सुधारून शुगर उतरली नव्हती, इन्सुलिनचं काम दुसऱ्याच कोणीतरी केलं होतं.

तेव्हापासून आजपर्यंत मला भेटणाऱ्या लोकांचा प्रश्न एकच असतो, मग त्याची गोळी का नाही? कंपन्यांनी दाबलं का? तसं काही नाहीये. उत्तर त्या धातूच्याच स्वभावात आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर "उंदरांमध्ये शुगर कमी झाली" अशी कुठलीही बातमी पुढे आली की ती कशी वाचायची हेही कळतं. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी उंदराला डायबेटिस होतो कसा ते बघू, कारण पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. बहुतेक वेळा तो इंजेक्शनने केला जातो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं एक रसायन आहे, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं, सुरुवातीला अँटिबायोटिक म्हणून त्याच्याकडे पाहत होते, आणि १९६३ मध्ये लक्षात आलं की ते दिलेल्या प्राण्यांना डायबेटिस होतो. कारण असं की या रेणूच्या एका टोकाला ग्लुकोज चिकटलेलं आहे, आणि उंदराच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे ज्या इन्सुलिन बनवतात त्या, ग्लुकोजसाठी दार सताड उघडं ठेवून बसलेल्या असतात, मग ग्लुकोज समजून त्या याला आत घेतात आणि आत गेल्यावर ते त्यांचा डीएनए तोडतं. डोस साधारण किलोमागे ४५ ते ६५ मिलिग्रॅम. पावडर थंडगार सिट्रेट बफरमध्ये विरघळवायची आणि लगेच टोचायची, कारण विरघळल्यावर ते टिकत नाही. आणि पहिली रात्र धोक्याची असते, मरणाऱ्या बीटा पेशी फुटून त्यांच्यात साठलेलं सगळं इन्सुलिन एकदम रक्तात येतं, शुगर इतकी पडते की उंदीर सकाळपर्यंत दगावतो, म्हणून त्या रात्री बाटलीत साखरेचं पाणी ठेवतात. डायबेटिसच्या प्रयोगाची पहिली रात्र साखर पाजून काढावी लागते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की सगळ्या बीटा पेशी मरतातच असं नाही. डोस थोडा कमी पडला, उंदीर जरा दणकट निघाला, तर काही पेशी वाचतात. हे पुढे कामाला येणार आहे.

आता व्हॅनेडियम. अणुक्रमांक २३, पोलादात मिसळून त्याला कणखर करणारा धातू. १८०१ मध्ये मेक्सिकोत आंद्रेस मान्युएल देल रिओ यांना तो सापडला, पण दुसऱ्या रसायनतज्ज्ञाने हे तर क्रोमियमच आहे असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा दावा मागे घेतला, आणि १८३० मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रोम यांनी तो पुन्हा शोधला आणि त्यांच्याकडच्या सौंदर्यदेवतेचं, व्हॅनाडिसचं नाव दिलं. नाव शोभतंही, कारण या धातूचे रंग बघण्यासारखे असतात. चंचुपात्रात पिवळं द्रावण घ्यायचं, आम्ल घालून जस्ताचे तुकडे टाकायचे आणि हलवत राहायचं, की पिवळ्याचं निळं होतं, निळ्याचं हिरवं आणि शेवटी जांभळं. प्रत्येक रंग म्हणजे व्हॅनेडियमने एकेक इलेक्ट्रॉन घेतलेला. व्हॅनेडियमच्या कारखान्यात धूळ नाकातोंडात गेलेल्या कामगारांची जीभ हिरवी पडते तीही याच रंगबदलामुळे. यातले आपल्या कामाचे दोनच, पिवळ्याच्या वर्गातलं व्हॅनेडेट आणि निळं व्हॅनेडिल.

औषध म्हणून ते पहिल्यांदा १९८५ मध्ये वापरलं असंही नाहीये. १८९९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या डॉक्टरांनी सोडियम मेटाव्हॅनेडेट ६० पेशंटना देऊन पाहिलं होतं, त्यात तिघे डायबेटिसचे निघाले आणि तिघांपैकी दोघांच्या लघवीतली साखर थोडी उतरली. तेव्हा इन्सुलिन माहीतच नव्हतं, ते यायला अजून वीसेक वर्षं होती, त्यामुळे कोणाला त्यात काही अर्थ लागला नाही, आणि १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन पेशंटला दिल्यावर तर ते मागेच पडलं.

मग मधली सत्तरेक वर्षं काहीच नाही, आणि पुढची गोष्ट सुरू झाली ती एका भेसळीतून. मला हा भाग सगळ्यात आवडतो. पेशींच्या भिंतीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत करणारा एक पंप असतो, तो एटीपी या इंधनावर चालतो, आणि त्यावर काम करणाऱ्यांना दिसत होतं की एका प्रकारचं विकत आणलेलं एटीपी वापरलं की पंप नीट चालत नाही आणि दुसऱ्या प्रकारचं वापरलं की व्यवस्थित चालतो. इंधन तेच, मग फरक कशाचा? नीट न चालणारं एटीपी घोड्याच्या स्नायूंतून काढलेलं होतं. १९७७ मध्ये लुईस कँटली आणि सहकाऱ्यांनी छडा लावला, त्या एटीपीत अगदी किंचित व्हॅनेडेट होतं आणि तेच पंपाला अडवत होतं. हेच कँटली पुढे इन्सुलिनचा संदेश पेशीत आत पोचवणाऱ्या एका फार महत्त्वाच्या एन्झाइमच्या शोधासाठी, पीआय-थ्री कायनेजसाठी, जगभर ओळखले गेले.

पंप अडवला म्हणजे काय झालं ते नीट बघा, कारण लेखाचा सगळा गाभा इथेच आहे. एटीपीमध्ये फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेट म्हणजे मधे फॉस्फरस आणि भोवती चार ऑक्सिजन. व्हॅनेडेट म्हणजे मधे व्हॅनेडियम आणि भोवती चार ऑक्सिजन. आकार जवळपास तोच, त्यामुळे फॉस्फेटची ने-आण करणाऱ्या एन्झाइमला हे वेगळं ओळखूच येत नाही. फरक एवढाच की खरं फॉस्फेट काम झालं की सुटून जातं, तर व्हॅनेडेट त्या जागेत पाच हात पसरून घट्ट बसतं, एन्झाइमचं काम जिथे क्षणभर मधल्या अवस्थेत असतं नेमक्या त्या अवस्थेचं रूप घेऊन, आणि मग एन्झाइमला पुढेही जाता येत नाही आणि मागेही.

१९८० मध्ये इस्राएलमधल्या शेख्टर आणि कार्लिश यांनी उंदराच्या चरबीच्या पेशींवर व्हॅनेडियम टाकून पाहिलं तर त्या पेशी इन्सुलिन मिळाल्यासारख्या ग्लुकोज जाळायला लागल्या. इन्सुलिन न घालता. त्याच सुमाराला आणखी एकदोन ठिकाणी असंच दिसलं. तिथून १९८५ च्या त्या पिंजऱ्यापर्यंतचा रस्ता सरळ होता.

पण फॉस्फेटसारखं दिसणं आणि इन्सुलिनसारखं वागणं याचा संबंध काय? तर असं आहे. इन्सुलिन पेशीच्या आत जात नाही, ते बाहेरच्या रिसेप्टरवर येऊन बसतं, आणि बसलं की रिसेप्टरच्या आतल्या टोकावर टायरोसिन नावाच्या ठिकाणी फॉस्फेट चिकटवले जातात. चिकटवलेलं फॉस्फेट म्हणजे दिवा लागला. हा दिवा बघून पुढची साखळी हलते आणि शेवटी पेशीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली ग्लुकोजची दारं, ग्लूट-फोर म्हणतात त्यांना, वर येऊन भिंतीत बसतात आणि साखर आत येते. आता दिवा कायम लागून राहिला तर चालणार नाही, म्हणून पेशीत दिवे विझवत फिरणारी एन्झाइमही असतात, ती चिकटवलेलं फॉस्फेट काढून टाकतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणायचं, आणि इन्सुलिनच्या बाबतीत त्यातलं मुख्य आहे पीटीपी-वन-बी. घरात एक जण दिवे लावत जातोय आणि दुसरा मागोमाग विझवत येतोय. व्हॅनेडेट काय करतं, तर या विझवणाऱ्याचे हात धरून ठेवतं. मग लावणारा अगदी हळू चालत असला, म्हणजे इन्सुलिन अगदी थोडं असलं, तरी घरात उजेड राहतो.

हे खरं आहे का, याची वेगळी खात्री १९९९ मध्ये झाली. मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने पीटीपी-वन-बीचं जनुकच नसलेले छोट्या जातीचे उंदीर तयार केले, त्यांना थोड्या इन्सुलिनवर शुगर सांभाळता येत होती आणि चरबीयुक्त खाणं देऊनही ते लठ्ठ होत नव्हते. म्हणजे विझवणाऱ्याला धरायची कल्पना शंभर टक्के बरोबर होती.

मग अडलं कुठे? अडलं ते याच ठिकाणी. फॉस्फेट काही फक्त इन्सुलिनच्या रिसेप्टरवर नसतं. ते सोडियम-पोटॅशियमच्या पंपात आहे, किडनीत आहे, हाडात तर ठासून भरलेलं आहे, पेशींची वाढ थांबवणारे-चालवणारे शेकडो दिवे फॉस्फेटचेच आहेत, आणि व्हॅनेडेटला यातलं इन्सुलिनवालं कोणतं आणि बाकीचं कोणतं हे कळायचा काही मार्ग नाही. जिथे फॉस्फेट बसतं तिथे ते जाऊन बसतं. ज्या गुणामुळे शुगर उतरते त्याच गुणामुळे त्रास होतो, तो औषधाला चिकटलेला दुष्परिणाम नाहीये की जो वेगळा काढून टाकता येईल, काम आणि इजा ही एकच क्रिया आहे, जागा फक्त वेगळ्या.

उंदरांमध्येही हा त्रास दिसलाच होता. व्हॅनेडियमचं पाणी पिणारे उंदीर कमी खायचे, कमी प्यायचे, वजन वाढायचं नाही, काहींना जुलाब लागायचे, काही मरायचे. आणि इथे एक फार मोठा प्रश्न उभा राहतो, जो मला वाटतं या विषयात सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. खाणं कमी झाल्यामुळे शुगर उतरली की क्षारामुळे? डायबेटिसच्या उंदराला नुसतं कमी खायला घातलं तरी त्याची शुगर बरीच खाली येते. म्हणून नीट प्रयोग करायचा तर आणखी एक गट ठेवावा लागतो, ज्याला क्षार द्यायचा नाही पण क्षारवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच आज तोलून घालायचं. किचकट काम आहे, रोज सकाळी उरलेल्या खाण्याच्या गोळ्या तागडीवर मोजा, भुशात सांडलेले तुकडे वेचा, आणि म्हणूनच पुष्कळ पेपरांमध्ये हा गट नसतो. जिथे तो ठेवला गेला तिथे दिसलं की शुगर उतरण्यातला काही वाटा उपासमारीचा होता, पण सगळा नाही. स्पेनमधले विषशास्त्रज्ञ डोमिंगो यांनी १९९० च्या दशकात हे सारखं लावून धरलं, की शुगर उतरते ठीक आहे, पण कुठल्याही रूपात द्या, उंदीर आजारी पडतायत त्याचं काय.

पाण्यातून डोस देण्याची आणखी एक गंमत आहे. आजारी उंदीर ढसाढसा पितो म्हणून पहिल्या दिवसांत त्याच्या पोटात भरपूर क्षार जातो, मग शुगर उतरली की तहान कमी होते आणि डोस आपोआप कमी होतो. म्हणजे पाण्यात क्षार किती हे माहीत असलं तरी उंदराच्या पोटात किती गेला हे रोज बाटली मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दोन उंदरांचं सारखं नसतं.

आणि त्या वाचलेल्या बीटा पेशी आठवतायत ना? १९८९ मध्ये मॅकनील यांच्याच गटाने सांगितलं की व्हॅनेडिल थांबवल्यावर १३ आठवडे झाले तरी काही उंदरांची शुगर नॉर्मलच राहिली. ऐकायला चमत्कार वाटतो, बरे झाले म्हणून. पण बघितल्यावर कळलं की हे तेच उंदीर होते ज्यांच्या स्वादुपिंडात थोडं इन्सुलिन शिल्लक होतं, शुगरच्या माऱ्यातून त्या पेशींना उसंत मिळाली आणि त्या तग धरून राहिल्या. ज्या जातीच्या उंदरांना आपोआप टाईप वन डायबेटिस होतो आणि बीटा पेशी जवळजवळ उरतच नाहीत, त्यांना व्हॅनेडियम दिल्यावर इन्सुलिनचा डोस कमी करता आला, बंद करता आला नाही. हे स्वाभाविकच आहे, दिवा लावणाराच घरात नसेल तर विझवणाऱ्याला धरून काय होणार.

त्रास कमी करायचे प्रयत्न मनापासून झाले हे मुद्दाम सांगतो. साधे क्षार आतड्यातून फार थोडे शोषले जातात, साधारण शंभरातले पाचसुद्धा नाही, बाकीचे आतड्याला त्रास देत बाहेर पडतात. मग जास्त शोषला जाईल असा काहीतरी वेष त्याला द्यायचा, म्हणजे डोस कमी लागेल. ब्रिटिश कोलंबियातच ख्रिस ऑर्व्हिग या रसायनतज्ज्ञांनी त्यासाठी माल्टॉल निवडलं. माल्टॉल म्हणजे भाजलेल्या पदार्थांना जो गोडसर खमंग वास येतो त्यातलं एक द्रव्य, खाद्यपदार्थांत घालायला चालणारं. माल्टॉलचे दोन रेणू दोन्ही बाजूंनी व्हॅनेडियमला चिमट्यासारखे धरतात, आणि असं संयुग उंदरांमध्ये साध्या क्षाराच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यात काम करायला लागलं. त्याचंच भावंड, एथिल माल्टॉलवालं, माणसांपर्यंत पोचलं, पहिल्या टप्प्यात निरोगी लोकांना देऊन झालं, दुसऱ्या टप्प्यात थोड्या डायबेटिसच्या पेशंटना दिलं, त्यातल्या काहींची शुगर सुधारलीही, आणि मग किडनीच्या तक्रारी दिसल्या आणि २००९ च्या सुमारास ते थांबलं. तिथपर्यंत यायला एका गटाची जवळपास पंचवीस वर्षं गेली होती.

साधे क्षार माणसांना त्याआधीच, १९९५-९६ मध्ये, देऊन झाले होते. दोनतीन ट्रायल, प्रत्येकीत मूठभर पेशंट. एकात रोज १०० मिलिग्रॅम व्हॅनेडिल सल्फेट तीन आठवडे दिलं, टाईप टूच्या पेशंटची उपाशीपोटीची शुगर सरासरी २१० वरून १८१ वर आली. उतरली, नाही असं नाही, पण १८१ ही काही सुटकेची संख्या नाही, आणि बऱ्याच जणांना मळमळ, पोटात कळा, जुलाब. २००८ मध्ये सगळे ट्रायल एकत्र तपासणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की टाईप टूसाठी व्हॅनेडियम घ्या म्हणावं असा भक्कम पुरावा नाही.

उंदरात एवढं उतरलं आणि माणसात एवढंच का, याचं एक कारण नुसत्या हिशोबात आहे. उंदराचा किलोमागचा डोस माणसाला तसाच लावत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने त्याला साधारण सहाने भागतात. समजा उंदराला किलोमागे ३० मिलिग्रॅम लागले, सहाने भागून पाच, ७० किलोच्या माणसाला झाले जवळपास ३५० मिलिग्रॅम. आणि इथे १००-१२५ लाच पोटं बिघडत होती. अमेरिकेत प्रौढांसाठी व्हॅनेडियमची वरची सुरक्षित मर्यादा दिवसाला १.८ मिलिग्रॅम ठरवलेली आहे, ती प्राण्यांच्या किडनीवर झालेल्या परिणामांवरूनच काढलीये, आणि १०० मिलिग्रॅम व्हॅनेडिल सल्फेटमध्ये निव्वळ व्हॅनेडियमच वीस ते तीस मिलिग्रॅम भरतं. शिवाय ते हाडात फॉस्फेटच्या जागी जाऊन बसतं आणि गोळी बंद केल्यावरही हळूहळू सुटत राहतं. डायबेटिसची गोळी म्हणजे आठवडाभराचं काम नाही, ती वर्षानुवर्षं घ्यायची असते, आणि साठत जाणाऱ्या गोष्टीसाठी याहून वाईट वापर दुसरा नाही.

व्हॅनेडियम एकटं नव्हतं. टंगस्टनचा क्षार, सोडियम टंगस्टेट, १९९४ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने डायबेटिसच्या उंदरांना पाजला आणि शुगर उतरली, तब्येतीला तो व्हॅनेडियमपेक्षा सोसत होता, उंदरांचं वजनही आटोक्यात राहायचं म्हणून पुढे लठ्ठ माणसांवर सहा आठवडे करून पाहिला, वजनात काही फरक पडला नाही. जस्ताचं वेगळं आहे, ते तर इन्सुलिनच्या घरातलंच, बीटा पेशी इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती बांधून साठवतात, आणि बाहेरून जस्त घातलं की उंदराच्या चरबीच्या पेशीत इन्सुलिनसारखा परिणामही दिसतो, पण तेवढ्यावरून ते डायबेटिसचं औषध होत नाही.

क्रोमियमची गोष्ट जास्त लोकांना माहीत असते कारण त्याच्या गोळ्या सगळीकडे मिळतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी श्वार्ट्झ आणि मर्ट्झ यांनी एका विशिष्ट यीस्टवर पोसलेल्या उंदरांना साखर पचवता येत नाही आणि क्रोमियम दिल्यावर येते असं दाखवलं, आणि तिथून क्रोमियम हे शरीराला आवश्यक खनिज म्हणून पाठ्यपुस्तकात गेलं. पुढे शिरेतून पोषण घेणाऱ्या काही पेशंटना त्याचा फायदा दिसला, काही ट्रायलमध्ये शुगर सुधारली, बऱ्याच ट्रायलमध्ये नाही. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर क्रोमियम शरीराला आवश्यकच आहे याचाच ठोस पुरावा नाही असं म्हटलं.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो सेलेनियमने. १९९० च्या आसपास सेलेनेट हा त्याचा क्षार डायबेटिसच्या उंदरांमध्ये इन्सुलिनसारखा वागतो हे दिसलं, अगदी व्हॅनेडेटसारखंच. नंतर माणसांमध्ये, डायबेटिससाठी नाही तर त्वचेचा कॅन्सर टळतो का बघायला, एका ट्रायलमध्ये लोकांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम सरासरी साडेसात वर्षांहून जास्त दिलं होतं. त्यातल्या सुमारे १२०० जणांची माहिती २००७ मध्ये पुन्हा तपासली तर सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये टाईप टू डायबेटिस जास्त झाला होता, जवळपास दीडपट. उंदरात शुगर उतरवणारं द्रव्य माणसात वर्षानुवर्षं दिल्यावर उलट्या दिशेला गेलं. उंदराला चार आठवडे मोठा डोस आणि माणसाला सात वर्षं छोटा डोस हे दोन वेगळेच प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होईल असं धरून चालता येत नाही.

त्यामुळे अमुक खनिजाने उंदरांचा डायबेटिस बरा झाला असं कुठे वाचलं तर मी आधी चार गोष्टी शोधतो. उंदरांचं वजन काय झालं, ते लिहिलंय का. खाणं किती झालं आणि तेवढंच खाणारा दुसरा गट होता का. निरोगी उंदरांनाही तोच क्षार देऊन पाहिला का, कारण औषधाने निरोगी उंदीर आजारी पडत असेल तर ते तिथे उघडं पडतं. आणि डोस बंद केल्यावर काय झालं. शुगरचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण शुगर खाली आणायचे मार्ग खूप आहेत आणि त्यातले कित्येक विषाचे आहेत.

घरात कोणाला डायबेटिस असेल तर एक कळकळीचं सांगणं. व्हॅनेडिल सल्फेट अजूनही सप्लिमेंट म्हणून विकलं जातं, व्यायाम करणाऱ्यांसाठी म्हणून, आणि डब्यावर शुगरचीही भाषा असते. ते घेऊ नका. आणि टाईप वन असलेल्या कोणाचंही इन्सुलिन अशा कशाच्याही भरवशावर एक दिवससुद्धा बंद करू नका, वर सांगितलं तसं, अगदी प्रयोगशाळेतल्या उंदरालाही ते जमलेलं नाही.

पीटीपी-वन-बीला अडवणारं औषध शोधायचं काम मात्र चालू राहिलं, फॉस्फेटच्या सगळ्या जागा न धरता फक्त हा एकच विझवणारा धरेल असा रेणू हवाय, आणि ते फार अवघड आहे कारण या कुटुंबातल्या शंभरएक फॉस्फेटेजची फॉस्फेट बसायची खोबण जवळपास एकसारखी आहे. व्हॅनेडेट स्वतः कुठे गेलं म्हणाल तर ते लॅबमधून हललंच नाही. पेशीतले हे फॉस्फेटचे दिवे मोजायचे तर पेशी फोडावी लागते, आणि फोडली की विझवणारी एन्झाइम क्षणात सगळे दिवे विझवतात, म्हणून पेशी फोडायच्या द्रावणात आधीच सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालून ठेवतात. ते तयार करायचीही एक रीत आहे. पाण्यात विरघळवून पीएच दहावर आणला की द्रावण पिवळं होतं, कारण व्हॅनेडेटचे दहा-दहा रेणू एकत्र गोळा होऊन बसलेले असतात आणि त्या गोळ्याला फॉस्फेटचं रूप नसतं. मग ते उकळायचं, थंड करायचं, पीएच पुन्हा बघायचा, पिवळेपणा परत आला तर पुन्हा उकळायचं. दोनतीन वेळा असं केल्यावर पिवळा रंग जातो आणि भांड्यात साध्या पाण्यासारखं दिसणारं द्रावण उरतं, त्यातला प्रत्येक रेणू सुटा आणि फॉस्फेटसारखा दिसणारा. ते छोट्या नळ्यांमध्ये भरायचं, वर तारीख घालायची आणि फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं.